रेजानचा झेंडा

सकाळी दूध घ्यायला म्हणून एव्हान्थियाबाईंनी दार उघडलं, आणि शेजारच्या लोखंडी जिन्याच्या पायरीवर त्यांना खडूची फुली दिसली.

चांगली पांढरी, ठसठशीत फुली. लहान मुलांनी खेळताना काढावी तशी वेडीवाकडी नव्हती; कुणीतरी वाकून, नीट दाबून काढलेली होती. बाईंनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. समोरच्या घराच्या जिन्यावर काही नव्हतं. त्या आत आल्या, कडी लावली, साखळीही अडकवली. दूध राहिलं.

काल मॉन्ट्रियल शहरात कुणी जेवलं असेल असं वाटत नव्हतं. क्वेबेकनं कॅनडातून वेगळं व्हायचं की नाही, याचं सार्वमत होतं. टीव्हीवर आकडे इकडचे तिकडे हलत होते, आणि अखेर ‘नाही’वाले जिंकले ते इतक्या थोडक्यात, की जिंकलेल्यांनाही मोकळेपणी हसवेना. एव्हान्थियाबाईंनी ‘नाही’ला मत दिलं होतं. सुटल्यासारखं वाटून त्या उठणार, तेवढ्यात हरलेल्यांचा पुढारी माइकपाशी आला. आपण हरलो ते पैशामुळे आणि परक्या वंशाच्या मतांमुळे, असं तो म्हणाला. समोरची गर्दी गरजली.

परक्या वंशाची मतं म्हणजे कोण, हे बाईंना कुणी समजावून सांगायला नको होतं. आपण.

त्या मूळच्या इस्तंबूलच्या ग्रीक. तिथंही त्यांच्या आजोबा-पणजोबांची थडगी होती, आणि तिथंही त्या परक्याच होत्या. तरुणपणी, सप्टेंबरातल्या एका संध्याकाळी, रेडिओवर कसलीशी बातमी आली आणि तासाभरात रस्ता माणसांनी भरला. त्यांच्या हातात पहारी होत्या. कुठली दुकानं ग्रीकांची, कुठली घरं ग्रीकांची, हे शोधावं लागत नव्हतं. दारांवर आधीच खुणा केलेल्या होत्या. बाईंच्या वडिलांच्या दुकानातले कापडाचे तागे रस्त्यावर उलगडत गेले ते थेट ट्रामच्या रुळांपर्यंत. त्यानंतर काही वर्षांनी सरकारनंच बोट दाखवून घालवून दिलं. एक पेटी घेऊन निघायची मुभा होती.

तीच पेटी एव्हान्थियाबाईंनी आता पलंगाखालून ओढली. कुलूप गंजलं होतं पण उघडलं. नवऱ्याचा फोटो, घराचे कागद, मारियामातेची तसबीर, लोकरीचे दोन स्वेटर आणि कॉफी उकळायचं लांब दांड्याचं पितळी भांडं त्यात गेलं. भांडं इस्तंबूलहूनही असंच आलं होतं, स्वेटरात गुंडाळून.

फोन वाजला. टोरांटोहून मुलगी, देस्पिना.

“आई, शनिवारी गाडी घेऊन येते. या वेळी नाही म्हणू नकोस.”

“काय झालंय एवढं?”

“मला विचारतेस? काल मी टीव्ही बघत होते. तुझ्या आवाजावरूनच कळतंय, तू रात्रभर खुर्चीत बसलीस. घर विकू. भाव पडलेत, पडू देत.”

“आणि रेजानचं काय? ती वरती राहते.”

“आई, रेजानबाईंनी बाल्कनीला काय लावलंय ते मी मागच्या खेपेला पाहिलंय.”

त्या घराची गंमतच झाली होती. खाली एव्हान्थियाबाईंच्या गॅलरीच्या कठड्याला ‘नाही’ची पाटी, वर रेजानच्या बाल्कनीला ‘हो’ची, एका अक्षराच्या जागी मोठं डेझीचं फूल असलेली. येणारे-जाणारे बोट दाखवून हसत. पोस्टमन म्हणायचा, मादाम, तुमच्या घरात दोन मजल्यांच्या मध्ये सरहद्द आखायची का? रेजान वरून ओरडायची, “आख की, पण पासपोर्ट बघायला तूच बस.”

वरची भाडेकरू रेजान टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली. लग्न केलं नाही. बाईंचं बाळंतपण, नवऱ्याचं आजारपण, त्याचं जाणं, सगळं तिनं याच जिन्यानं वरखाली करत पाहिलं होतं. रोज सकाळी कॉफी झाली की बाई झाडूच्या दांड्यानं छताला टकटक करायच्या आणि रेजान सपाता फटफटवत खाली यायची. प्रचाराचे शेवटचे दिवस मात्र दोघीही हवापाण्यावर बोलायच्या. आणि हवा काही फार बोलण्यासारखी नव्हती.

आज झाडू कोपऱ्यात उभा होता. वर पावलं वाजली, मग जिना वाजला, रेजान बाहेर पडली. खिडकीशी ती थांबेल म्हणून बाई कान देऊन उभ्या राहिल्या. ती थांबली नाही.

तेव्हा बाईंनी ठरवलं, आधी ती पाटी काढायची. पण प्रचारवाल्या पोरांनी ती तारेनं पिळून बांधलेली. पक्कड घसरली, बोट कापलं, पाटी जागची हलली नाही. पायरीवरची फुली त्यांच्याकडे बघत होती. मुळात भीतीला डोकं नसतं असं लोक म्हणतात, पण ते खरं नव्हे. भीतीला जुनं सगळं आठवतं. बाईंना आठवली शेजारची तुर्की बाई, नेर्मिन हानिम. त्या संध्याकाळी जमाव गल्लीत शिरायच्या आधी नेर्मिन खुर्ची घेऊन आली, तिच्यावर चढली आणि बाईंच्या दारावर आपल्या घरातला लाल, चंद्रकोरीचा झेंडा खिळ्यांनी ठोकला. मग त्याखाली हाताची घडी घालून उभी राहिली. पहारीवाले आले. ती म्हणाली, इथं सगळे आमचेच आहेत, पुढं व्हा. आणि ते पुढं गेले, पुढच्या घराकडं.

तळघरात रेजानची पेटारी होती. दर चोवीस जूनला, सेंट जॉनच्या सणाला, ती त्यातून क्वेबेकचा निळा-पांढरा झेंडा काढून बाल्कनीला लावायची. कपड्यांना कापराचा वास येत होता. बाईंनी झेंडा काढला, वर आणला, कपड्यांचे चिमटे घेतले आणि गॅलरीच्या कठड्यावर, पाटी पूर्ण झाकेल असा लावला. मग आत येऊन पडदे ओढले. 

पुढचा सगळा दिवस त्यांना कळेना की झालंय काय. एक मोटार थांबली, भोंगा वाजला, कुणीतरी इंग्रजीत “शाबास, आजीबाई” म्हणून खदखदून हसलं. मग एक सायकल करकचून थांबली. तरुण पुरुषाचा आवाज, फ्रेंचमध्ये:

“ए म्हातारे. जिंकलात ना? मग जखमेवर मीठ कशाला चोळतेस?”

काहीतरी कठड्यावर आपटलं आणि फुटलं. बाई न्हाणीघरात जाऊन बसल्या. तिथं खिडकी नव्हती.

त्या बाहेर आल्या त्या जिना वाजला म्हणून. पण पावलं वर गेली नाहीत. दारावर थाप पडली, बोटांनी नव्हे, मुठीनं.

“एव्हा. दार उघड. आत आहेस ते मला माहीत आहे. कुठं जाणार आहेस तू?”

साखळी तशीच ठेवून बाईंनी फटीतून पाहिलं. रेजानचे डोळे सुजले होते. ओठांचा लालभडक रंग, जो तिनं दवाखान्यात जातानाही कधी चुकवला नव्हता, आज नव्हता.

“माझा झेंडा,” ती म्हणाली. “माझाच. माझ्या पेटारीतून. माझ्या तोंडावर फडकावायला दुसरं काही मिळालं नाही?”

“मी तो पाटी झाकायला...”

“झाकायला? बाहेर ये आणि बघ.”

एव्हान्थियाबाई बाहेर आल्या. वारा होता. चिमटे वरच्या कडेलाच लावलेले; वाऱ्याची झुळूक आली की झेंडा पदरासारखा उडायचा आणि त्याखालून ‘नाही’ ही भली मोठी अक्षरं डोकवायची. पुन्हा झाकली जायची, पुन्हा दिसायची. कठड्यावर अंड्याचा बलक ओघळला होता.

“सकाळपासून अख्खी गल्ली हा खेळ बघतेय,” रेजान म्हणाली. “बेकरीत मला एकानं विचारलं, तुझी घरमालकीण भारी विनोदी आहे ना? मी बहिणीकडं जाऊन पोटभर रडून आले, म्हटलं आता घरी जाऊन एव्हाला सांगू, चल, कॉफी टाक. तर हे.”

 एव्हान्थियाबाई दाराच्या उंबऱ्यावर बसल्या. तिथूनच, फुलीकडं बोट दाखवून, त्यांनी सांगितलं. तुकड्यातुकड्यांनी, मध्येच ग्रीक शब्द मिसळत. दारांवरच्या खुणा, कापडाचे तागे, नेर्मिनची खुर्ची, तिचा झेंडा. इतक्या वर्षांत त्यांनी रेजानला इस्तंबूलच्या मिठाया सांगितल्या होत्या, बोटी सांगितल्या होत्या, मांजरं सांगितली होती. हे सांगितलं नव्हतं.

 रेजाननं फुलीकडं पाहिलं.

“ही? अगं, ही वेल्डरची. ही पायरी गंजलीय म्हणून तूच त्याला बोलावलंस ना, बर्फ पडायच्या आत बदल म्हणून? काल तू मत द्यायला गेलीस तेव्हा येऊन गेला. वर आणखी दोन फुल्या आहेत. मी तुला सांगणार होते.” ती थांबली. “काल सांगायचं राहिलं.”

बाईंना हसू आलं असतं, पण आलं नाही.

“म्हणजे मला तू त्यांच्यात धरलंस,” रेजान हळू आवाजात म्हणाली. “पहारीवाल्यांत. इतकी वर्षं तुझ्या डोक्यावर राहतेय मी.”

“त्या रात्री आले तेही कुणाचे तरी शेजारीच होते, रेजान. माझ्या वडिलांचं दुकान ज्यानं फोडलं, तो त्यांच्याकडूनच लग्नाचं कापड घेऊन गेला होता.”

 रेजान तशीच, कोटासकट, जिन्याच्या फुलीवाल्या पायरीवर बसली. अंधारून यायला लागलं होतं. ती म्हणाली, “तो माणूस काल जे बोलला ना, ते ऐकून मी टीव्ही बंद केला. माझं मत मी त्यासाठी दिलं नव्हतं. मला माझा देश हवा होता. अजून हवाय. तू मला तो मिळू दिला नाहीस, याचा मला राग आहे, आणि तो इतक्यात जाणार नाही. नीट ऐकून ठेव.”

“ऐकलं.”

“पण अंडी-बिंडी मी फेकत नाही. महाग झालीत.”

रस्त्याच्या टोकाला आवाज उठले. पुष्कळ पावलं, आरडाओरड. कोपऱ्यावरून माणसं वळली, आणि त्यांना चेहरे नव्हते. पांढरे सांगाडे, काळे झगे. एव्हान्थियाबाई ताडकन उठल्या, आत गेल्या, दार लोटून घेतलं. एकतीस ऑक्टोबर. हॅलोविन. मुखवटे घालून मुलं दारोदार गोड मागतात, हे त्यांना माहीत होतं; गेल्याच आठवड्यात त्यांनी स्वतः टॉफीची पिशवी आणून ठेवली होती. डोक्याला सगळं माहीत होतं. हात मात्र साखळी शोधत होते.

दारावर टकटक झाली. बाई भिंतीला पाठ लावून उभ्या.

रेजान होती; दार ढकलून ती आत आली. तिनं कोट काढला, टॉफीची पिशवी घेतली. “तू बैस,” ती म्हणाली. “मी उघडते.”

चेटकीण आली, दोन भुतं आली, हॉकीच्या वेषातली एक मुलगी आली. रेजान प्रत्येकाला विचारत होती, तू कोण रे बाबा, मला भीती वाटतेय हं. बाई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होत्या. दर टकटकीला त्यांचा खांदा उडत होता.

मग एक लहानगी परी आली, बापाचा हात धरून. बापाच्या दुसऱ्या हातात सायकल होती. 

“तो झेंडा उतरवायला सांगा त्या म्हातारीला,” तो रेजानला म्हणाला. बाईंनी दुपारचा तो आवाज ओळखला. “तुम्ही आमच्यातल्या दिसता. तुम्हाला चालतं हे?”

रेजान दारात सरकून अशी उभी राहिली की तिच्यामागचं काही दिसू नये.

“झेंडा माझा आहे,” ती म्हणाली. “मीच लावलाय. खालची पाटी मला दिसली नाही, चष्मा नव्हता. आणि अंडं तू फेकलंस का? मुलीसमोर सांग बघू.”

 परीनं पिशवी पुढं केली. रेजाननं तीत मूठभर टॉफ्या घातल्या आणि दार लावून घेतलं. मग कपाळ दाराला टेकवून ती बराच वेळ तशीच उभी राहिली. 

मुलांची रीघ ओसरल्यावर दोघींनी चिमटे काढले, बाहेरच्या दिव्याच्या उजेडात झेंड्याची चार पदरी घडी घातली. पाटी रेजाननं पकडीनं दोन पिळ्यांत सोडवली आणि भिंतीला टेकवली. आपली ‘हो’ची पाटी तिनं काढली नाही.

फोन वाजला. देस्पिना.

“आई, मग शनिवारी कितीला निघू?”

“ये,” एव्हान्थियाबाई म्हणाल्या. “पण सांभाळून चढ. जिन्याच्या तीन पायऱ्या बदलायच्यात.”

“आई, मी घराबद्दल विचारतेय.”

“मीही घराबद्दलच बोलतेय.”

फोन ठेवून त्या झोपायच्या खोलीत गेल्या. पलंगावर पेटी उघडी पडली होती. ती त्यांनी रिकामी केली नाही. कागद, फोटो, तसबीर जिथल्या तिथं राहू दिलं. वरचा स्वेटर तेवढा बाजूला सारला, त्यात गुंडाळलेलं पितळी भांडं बाहेर काढलं, झाकण लावलं आणि पेटी पुन्हा पलंगाखाली ढकलली. हात पोचेल इतक्याच आत.

“एव्हा,” स्वयंपाकघरातून हाक आली, “कॉफी कुठं ठेवलीस?”

“थांब,” बाई म्हणाल्या. “भांडं माझ्याकडं आहे.”