आरशावरचा अंगठा

मी एक जुना आरसा आहे. बशीएवढा, गोल, एका कडेला तडा गेलेला. हसू नका मित्रांनो, एके काळी मी लढाऊ विमानातून फिरलो आहे!

युद्धाचे दिवस होते. वैमानिकाच्या डोक्यावर, काचेच्या झाकणापाशी मला बसवलं होतं. मागून कोण येतंय ते दाखवायचं, एवढंच माझं काम. आमचा वैमानिक सतत शीळ घालायचा, म्हणून सगळे त्याला शीळवाला म्हणत. तो माझ्यात शत्रू कमी आणि स्वतःची मिशी जास्त बघायचा. विमानाची देखभाल करणारे मिस्त्री मात्र रोज सकाळी सदऱ्याच्या टोकाने मला लख्ख पुसत. त्या सकाळी आठवल्या की अजून मन भरून येतं.

एकदा उड्डाणाआधी मिस्त्रींच्या तेलकट अंगठ्याचा ठसा माझ्यावर उमटला. ते पुसायला वाकले, तर शीळवाला म्हणाला, "राहू द्या हो मिस्त्री! नुसता सराव तर आहे. आल्यावर पुसा."

वर तो आणि त्याचा जिवलग दोस्त आपापल्या विमानांतून लुटुपुटीची लढाई खेळत होते. दोस्ताचं विमान ढगातून निघालं ते थेट आमच्या पोटाखाली, आणि धडकलं. दोस्त हवाई छत्रीने वाचला. शीळवाला गेला.

मोडक्या सांगाड्यातून मिस्त्रींनी मला सोडवून घरी आणलं आणि भिंतीवर लावलं. "मी खालून आलो, मिस्त्री. आरशात दिसलोच नसतो," असं दोस्ताने येऊन परोपरीने सांगितलं. मिस्त्रींना काही पटेना. चाळीस वर्षं ते मला रोज पुसत राहिले, दाढी करायची नसली तरी. मला बोलता आलं असतं तर!

परवा त्यांची नात नवे बूट घालून माझ्यासमोर उड्या मारू लागली. शेवटी स्टुलावर चढली.

"काय हो आजोबा तुमचा आरसा! यात खालचं काहीच दिसत नाही."

मला पुसायला आलेल्या मिस्त्रींचा हात सदऱ्याच्या टोकाशीच थांबला.

"नाही दिसत, बाळा," ते म्हणाले. "कधीच दिसत नव्हतं."

मग ते खाली बसले आणि नातीला जवळ घेऊन पोटभर रडले.

मित्रांनो, आम्हाला नीट पुसून ठेवा, असं सगळ्याच जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात. माझं मागणं वेगळं आहे. आज मिस्त्री मला न पुसताच फिरायला गेले, जाताना चक्क शीळ घालत. माझ्यावर थोडी धूळ बसली आहे. ती तशीच राहू द्या.