देवीखाली राहिलेली कुस्ती

मी कॅमेरा बोलतोय. एल हिएरो बेटावरच्या टीव्ही केंद्राचा एकुलता एक. केंद्र म्हणजे पोस्टाच्या वरची एक खोली आणि फर्मिन. मला खांद्यावर घ्यायचा तोच, बातम्या सांगायचा तोच, आणि टीव्ही दिसेनासा झाला की शिव्या खायचाही तोच.

ढोल, मिरवणुका, भाषणं, सगळं टिपलं मी. पण जीव रमायचा कुस्तीत. आमच्याकडे वाळूत कुस्ती होते. जिंकलेला आधी पडलेल्याला हात देऊन उठवतो, मगच टाळ्या घेतो. एरवी माणसं एकमेकांचे पाय ओढतानाच जास्त पाहिली, म्हणून ते फार बरं वाटायचं.

आयोसे आमच्या गावचा पैलवान. त्याची आई बेनिता कधी आखाड्याकडे फिरकली नाही. टीव्हीवर त्याची कुस्ती लागली तरी बाई स्वयंपाकघरात जाऊन बसायची. पोराला पडताना बघवायचं नाही तिला. अंतिम कुस्तीत तो पडला, तीही तिने पाहिली नाही.

त्याच उन्हाळ्यात देवी डोंगरावरून गावात यायची होती. चार वर्षांतून एकदा येते ती. नेमका समुद्र खवळला, बोट आली नाही, नव्या टेप आल्या नाहीत. फर्मिन डोकं धरून बसला.

बेनिता त्याच्यासाठी चीजचा केक घेऊन आली होती. म्हणाली, "एवढा काय रडतोस? आयोसेच्या त्या हरलेल्या कुस्तीची टेप आहे ना? घे त्यावर देवी."

"मावशी, पोराची आठवण आहे ती."

"पोरगा घरात ढेकर देतोय माझा! आठवण कसली? देवीपेक्षा मोठा झाला का तो?"

फर्मिनने ऐकलं. देवीपुढे आमच्याकडे कुणाचं चालत नाही.

पावसाळ्याच्या तोंडाशी आयोसे खडकांवर शिंपले काढायला गेला आणि लाटेने त्याला नेलं. परत दिलाच नाही.

बेनिता काळ्या कपड्यांत खोलीत आली. "फर्मिन, ती कुस्ती लाव." फर्मिनला मान वर करवेना. त्याने टेप माझ्यात घातली. देवी आली, ढोल वाजले, नाचणारे गेले. मिरवणूक संपली आणि शेपटाला थोडी जुनी कुस्ती उरलेली दिसली. आयोसे वाळूत पडलेला. वरून एक हात आला. त्याने तो धरला, उठला, पाठीची वाळू झटकत हसला. एवढंच.

"उठला," बेनिता म्हणाली. "परत लाव."

मग दर रविवारी ती यायची. मला तिच्याकडे बघवायचं नाही, पण कॅमेऱ्याला पापण्या नसतात.

पुढे केंद्र बंद पडलं. फर्मिन आजारी पडून लेकीकडे तेनेरिफे बेटावर गेला, तिथेच वारला. खाऱ्या वाऱ्याने माझं टेपचं झाकण गंजून बसलं, टेप आतच राहिली. बेनिता एकदा आली, माझ्यावरून हात फिरवून गेली. आता तिला जिना चढवत नाही.

आज दोन माणसं खोली रिकामी करायला आलीत.

"हे धूड कशाला ठेवलंय रे?"

"फर्मिनचं असेल. टाक पोत्यात, भंगाराच्या बोटीत जाईल."

जाईन मी, माझं काही म्हणणं नाही. काच धुरकटली, आता कुणाला काय टिपणार? पण बाबांनो, आधी माझं झाकण उघडा. बेनिताचा पोरगा आत पडलाय. त्याला हात द्या.