शेडच्या मागे

“आजी, जरा बाजूला व्हाल का? फोटोत येताय,” फोटोग्राफर म्हणाला आणि थोरली बाजूला झाली.

फलाटावरच्या नव्या फलकापाशी तिची धाकटी बहीण तेवढी राहिली. हातात फुलांचा गुच्छ आणि चेहऱ्यावर हसू. फलकावर स्टेशनाचा इतिहास छापला होता आणि मधोमध तो जुना फोटो होता. पत्र्याची एकुलती एक शेड, फितीसमोर साहेब, आणि त्यांच्यापुढे कात्रीचं तबक धरून उभी असलेली टपोऱ्या डोळ्यांची मुलगी. आज स्टेशनाला साठ वर्षं झाली होती. तबकवाली मुलगी हयात आहे हे कळल्यापासून तरुण स्टेशनमास्तरचे पाय जमिनीवर नव्हते. धाकटीला आणायला त्याने मोटार पाठवली होती. थोरली पूल ओलांडून चालत आली होती.

खरं तर तबक थोरलीच धरणार होती. वडील रुळांवर मजूर होते. त्यांनीच साहेबांकडे शब्द टाकला होता. घरात ताटलीत चमचा ठेवून ती चालायचा सराव करायची. निळा फ्रॉक तिच्याच मापाचा शिवला होता. उद्घाटनाच्या सकाळी साहेबांच्या बायकोने दोघींकडे पाहिलं आणि ती म्हणाली, “ही छोटी किती गोड आहे! हिलाच द्या ना.”

झालं. आईने शेडच्या मागे नेऊन थोरलीच्या अंगातला फ्रॉक उतरवला, धाकटीला चढवला आणि ढगळ होतो म्हणून मागून टाचण्या मारल्या. धाकटीचा फ्रॉक थोरलीच्या पाठीवर मिटेना. उघडी पाठ पत्र्याला टेकवून ती तशीच उभी राहिली. पलीकडे टाळ्या वाजल्या, पहिली गाडी आली. तिला दिसलं ते फक्त डब्यांचं छप्पर.

पुढे धाकटी लग्न होऊन दूर गेली आणि थोरली याच स्टेशनाच्या तिकीटखिडकीत चिकटली. आजूबाजूच्या शेतांत इमारती उभ्या राहिल्या, एका फलाटाचे तीन झाले, पुठ्ठ्याची तिकिटं गेली, तिचे केस पिकले. आणि या सगळ्या काळात तो फोटो खिडकीसमोरच्या भिंतीवर. “ही तुमची बहीण ना? काय गोड दिसते हो!” रांगेतलं कुणीतरी म्हणायचं, आणि ती सुट्टे पैसे जरा जोरातच आपटायची. धाकटीला नुसतं उभं राहिलं की मिळायचं. थोरलीला राबूनही, जरा बाजूला व्हा.

स्टेशनमास्तरने धाकटीपुढे माइक धरला. “मॅडम, त्या दिवसाचं काही सांगा ना.”

“अहो, काय सांगू! मला ना कात्री आठवते, ना साहेब,” धाकटी म्हणाली. “पाठीत टाचण्या टोचत होत्या, तेवढं आठवतं.”

सगळे हसले. थोरलीच्या छातीत काहीतरी करपल्यासारखं झालं. जिच्यापायी आपण जन्मभर जळलो, ती गोष्ट हिला नीट आठवतही नाही!

“आणि तुमच्या ताई? त्याही होत्या का?”

“ताई? छे! ताई आलीच नव्हती. घरीच होती ती.”

थोरली मागच्या रांगेतल्या खुर्चीवरून उठली. आपण उठलोय हे तिला माना वळल्यावरच कळलं.

“आले होते मी.”

“अगंबाई, खरंच?” धाकटी डोळे बारीक करून बघायला लागली. “मग दिसली कशी नाहीस? कुठे होतीस?”

“शेडच्या मागे.”

“तिथे काय करत होतीस गं?”

सगळं अगदी जिभेवर आलं. साहेबांची बायको, आईचे घाईघाईचे हात, न मिटणारी पाठ. पण धाकटीचा चेहरा कोरा होता, त्यात लबाडी औषधालाही नव्हती. तिला खरोखरच माहीत नव्हतं.

“गाडी बघत होते,” थोरली म्हणाली.

लोक पुन्हा हसले, कुणी टाळ्याही वाजवल्या. ती खाली बसली.

निघताना धाकटीने मोटारीच्या खिडकीतून गुच्छ पुढे केला. “तू ठेव ताई. घरी पोचेपर्यंत सुकून जाईल.”

नको म्हणायचं होतं. पण मोटार सुरूही झाली होती.

पुलाच्या पायऱ्यांवर कामावरून परतणारी एक बाई तिला पाहून थबकली. “पासवाल्या ताई ना तुम्ही? किती वर्षांनी! अय्या, सत्कार झाला वाटतं तुमचा?”

हो म्हटलं असतं तर कुणाचं काय बिघडणार होतं?

“बहिणीचा,” थोरली म्हणाली.

“असं होय!” म्हणत बाई गाडी पकडायला धावली. थोरली पायऱ्या चढू लागली. समोरून माणसांचा लोंढा उतरत होता. फुलांना धक्का लागू नये म्हणून तिने गुच्छ कठड्याच्या बाजूच्या हातात घेतला आणि अंग चोरून ती एकेक पायरी वर जात राहिली.