शिलाबाईंच्या डाव्या पायाचा बूट

मित्रांनो, मी कॅनव्हासचा एक जुना बूट, डाव्या पायाचा. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. जग कळायला लागलं ते वसमतच्या दुकानात, २००२ सालच्या हिवाळ्यात. तिथून शिलाबाईंनी मला आणि माझ्या जोडीदाराला घरी नेलं. त्या अंगणवाडी चालवायच्या. चाळिशीतच रक्तात साखर निघाली, म्हणून डॉक्टरांनी त्यांना रोज चालायला सांगितलं होतं. चालता चालता त्यांना पळावंसं वाटू लागलं.

पहिल्या दिवसापासून माझा गोंधळ उडाला. मागे कुत्रं लागलेलं नाही, बस चुकत नाही, तरी या बाई पदर खोचून हट्टा गावाच्या रस्त्याने पळायच्या आणि परत घरीच यायच्या! मग गेल्या कशाला? त्यांच्या सासूबाई रुख्मिणीबाई यांनाही तेच कोडं होतं.

"काहून पळून राहिलीस गं? लोक हसून राहिलेत," त्या म्हणायच्या.

बाईंचे यजमान गोपीचंद सांगायचे, "एक दिवस बी चुकवू नको." शेजारीण म्हणायची, उपाशीपोटी पळा. अंगणवाडीतली मदतनीस म्हणायची, खाऊनच निघत जा. बाई सगळ्यांचंच ऐकायच्या. उपाशी पळाल्या त्या दिवशी डोळ्यांपुढे अंधारी आली आणि पुलाच्या कठड्यावर बसून राहिल्या. पण इतर दिवशी त्या पळताना गुणगुणायच्या. ते मला फार आवडायचं.

फेब्रुवारीत एका सकाळी बाभळीचा काटा माझ्या तळातून आरपार आत शिरला. आता बाई ओरडतील, मला काढून झटकतील, म्हणून मी वाट पाहिली. त्या थांबल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. माझं अस्तर ओलं झालं. मला काही समजेना. टोचत होतो मी, आणि ज्यांनी कळवळायचं त्या गुणगुणत होत्या!

पाचव्या दिवशी माझी टाच उसवली. बाई मला बसस्टँडजवळ चपला-बूट शिवणाऱ्या खाजा मियांकडे घेऊन गेल्या. त्यांनी आत हात घातला आणि झटकन बाहेर काढला.

"बाई, आत काटा हाये. अन् हे खून कशाचं?"

"मला तर काई झालं न्हाई."

"पाय दाखवा."

बाईंनी तळवा वळवला. अंगठ्याखाली बोराएवढी काळपट जखम होती. दुसऱ्याच कुणाचा पाय असावा तशा त्या बघत राहिल्या.

"तकलीफ न्हाई झाली?"

"न्हाई हो चाचा. खरंच न्हाई."

"शक्कर हाये का तुमाला? मग बूट राहू द्या, पयले दवाखान्यात जा. माझ्या भावाचं बोट असंच गेलं."

डॉक्टरांनी सांगितलं, साखरेमुळे पायाची जाणीव कमी झाली आहे. आणखी उशीर झाला असता तर अंगठा काढावा लागला असता. दोन महिने पळणं बंद झालं. "दुखतच न्हाई, तर मला कळावं कसं?" असं म्हणून बाई रडल्या. मी खाटेखाली पडून ते ऐकत होतो.

जखम भरली. डॉक्टरांनी परवानगी दिली, पण आधी थोडं खायचं, बोलता येईल इतकंच हळू पळायचं, मधून मधून सुट्टी घ्यायची आणि रोज तळवे तपासायचे. आता बाईंच्या पायात जाड तळाचे नवे बूट आहेत. मी ओट्याच्या कोपऱ्यात असतो. तिथूनच मी पाहिलं, पहिल्या दिवशी पळून आल्यावर बाई वाकून वाकून तळवा बघत होत्या, पण नीट दिसेना. रुख्मिणीबाई जवळ येऊन बसल्या.

"आण इकडं."

"अवो आत्या, माझा पाय तुमच्या..."

"आण म्हन्ते ना!"

आणि सासूने सुनेचा पाय मांडीवर घेतला, पदराने पुसला, एकेक बोट फाकवून पाहिलं.

मित्रांनो, माणसं का पळतात ते मला अजून उमगलेलं नाही. पण तुम्ही पळत असाल, तर पायात घालण्याआधी बूट झटका आणि घरी आल्यावर तळवे बघा, दुखत नसलं तरी बघा. आणि घरात कुणाला स्वतःचा तळवा दिसत नसेल, तर त्याचा पाय तुम्ही मांडीवर घ्या.