केवळरामच्या लॉनवरची चिखलणी

मित्रांनो, मी एक जुना, लहान ट्रॅक्टर आहे. मी या मातीचा पुत्र आहे. म्हणजे जन्म कारखान्यात झाला; माती नंतर लागली आणि कोणी नीट धुतली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

केशोरीच्या उमरावांनी मला आणले तेव्हा हळदकुंकू लावले, नारळ फोडला. धानाच्या लहान बांध्यांत, म्हणजे खाचरांत, मोठा ट्रॅक्टर वळत नाही, मी वळायचो. बांधीत पाणी साठवायचे, मला लोखंडी जाळीची चाके लावायची आणि गोल गोल फिरून जमिनीची खीर करायची, याला चिखलणी म्हणतात. जमीन जितकी बिघडवीन तितके माझे कौतुक व्हायचे. "लहान हाय, पण पाहा चिखल कसा करते!" असे गावकरी म्हणत. आयुष्यात झालेली ही माझी एकमेव स्तुती, म्हणून शब्दशः सांगितली.

पुढे उमरावांच्या थोरल्या भावाने लहान बांध्या जोडून मोठा ट्रॅक्टर घेतला. मी गोठ्यामागे गेलो. माझ्या सीटवर कोंबडी अंडी घालू लागली. वाईट वाटले नाही. सीट रिकामीच होती.

मग धुरपताबाईंचे, म्हणजे उमरावांच्या बायकोचे, धाकटे भाऊ केवळराम यांनी सडक अर्जुनीजवळ हायवेला लागून लॉन काढले. आमच्याकडे लॉन म्हणजे लग्नाची जागा. तिथे गवत असलेच पाहिजे असे नाही. केवळरामांनी मात्र खरोखर गवत लावले. जागा त्यांचीच धानाची बांधी होती. चारी बाजूंचे धुरे, म्हणजे बांध, मोडण्याचे कष्ट वाचवून त्यांवर मोगरा लावला. माझ्या पोटाखाली गवत कापायची पाती बसवली आणि उमराव नवराबायको मागच्या खोलीत राहायला आले. बोली एवढीच होती: उमरावांनी गवत सांभाळायचे आणि त्यांच्या लेकीचे, नीतूचे, लग्न मामाने याच लॉनवर लावून द्यायचे. एवढ्यासाठी उमराव जन्माची सवय मोडायला तयार झाले.

पहिल्याच दिवशी ते सवयीने गोल फिरले आणि गवताची साल निघाली.

"भाऊजी, काऊन गोल फिरून राहिले? बांधी होय का हे?"

"हात आपोआप वळते ना बापा."

हळूहळू ते शिकले. रुंद, गुळगुळीत टायर आले. त्यांत हवा कमी ठेवली, म्हणजे वजन पसरते आणि जमीन दबत नाही. पाती उंच ठेवून नुसते शेंडे उडवायचे. आज उभे कापले तर पुढच्या वेळी आडवे, म्हणजे चाकोरी पडत नाही. जागच्या जागी वळायचे नाही. आणि ओल्या जमिनीवर तर जायचेच नाही. उमराव आधी अनवाणी फिरून पाहायचे. गवत कापून झाले की मला भिंतीमागे लावत आणि उमरावांना खोलीत. कामाचे कपडे पाहुण्यांना दिसू नयेत, असे केवळरामांचे म्हणणे. त्यामुळे आम्ही दोघांनी तिथली लग्ने पुष्कळ ऐकली, पाहिले एकही नाही.

नीतूचे लग्न मे महिन्यात निघाले. आदल्या संध्याकाळी धुरपताबाईंनी लॉन पाहिले. उन्हाने गवत पिवळे पडले होते, आणि वरपक्ष नागपूरचा. ज्या बाईने जन्मभर धानाची रोपे लावताना, रोवणीआधी, बांधी पाण्याने भरली, तिने तेच केले. मोटर लावली, धुऱ्याची फट चिखलाने बुजवली आणि लेकीच्या हळदीला निघून गेली.

सकाळी गवत टवटवीत होते. खालचे पाणी त्यात दिसत नव्हते. उमराव अनवाणी फिरले नाहीत, कारण पायात लग्नाचे नवे बूट होते. मी सांगितले असते. पण मला फक्त हॉर्न आहे आणि तो बंद आहे.

शेवटचे शेंडे उडवता उडवता लॉनच्या मधोमध मी रुतलो. उमराव घाबरले, आणि घाबरलेला माणूस येते तेच काम करतो. त्यांनी मला गोल फिरवले. मग आणखी मोठे गोल. बाहेर निघालो तेव्हा मागे अशी चिखलणी झाली होती की केशोरीलाही कधी साधली नव्हती. एक बगळाही येऊन उतरला.

केवळराम धावत आले. "बाई, पाणी तू सोडलं?"

"हिरवं दिसावं म्हून सोडलं."

"आता खुर्च्या मांडू का रोवू?"

नीतू हळदीच्या अंगाने दारात आली. "मामा, लग्न होते का नाई, एवढंच सांग."

"मांडवाचा खांब उभा नाई राहात पोरी. कुठं करू?"

उमराव बुटांकडे पाहत होते. बराच वेळ पाहण्यासारखे त्यांत काही नव्हते.

शेवटी धुरपताबाईच म्हणाल्या, "गुरांचं तणस आणा. आन् धुरा फोडा."

धुरा फोडला, पाणी उतरले, वर धानाच्या तणसाचा, म्हणजे पेंढ्याचा, जाड थर पसरला. खांब कसेबसे उभे राहिले. पण रंग गुरांच्या खाद्याचाच दिसत होता. दुपारी मंडपवाला गुलशन टेम्पो घेऊन आला. त्याने गुंडाळ्या उतरवल्या आणि या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत कार्पेट उलगडले.

उमरावांनी हात जोडले. "वाचवलं बापा. आमच्यासाठी आणलं?"

"तुमच्यासाठी कायले? हर शादीत टाकतो. गवतानं साडीले डाग पडते."

उमरावांनी मेहुण्याकडे पाहिले. मेहुणा मोगऱ्याकडे पाहत होता.

"मग कापून कायले राहिलो होतो आपण?"

"बोर्डावर लॉन लिहिलं हाय ना भाऊजी," केवळराम म्हणाले.

नीतूचे लग्न मुहूर्तावर लागले. या वेळी उमराव समोर होते. भिंतीमागे मी एकटा. नागपूरचे पाहुणे म्हणाले, लॉन फार मऊ आहे.

तर मित्रांनो, जमिनीला जपा. ओल्यात यंत्र घालू नका, वाट बदलत राहा, आणि आधी बूट काढून चालून पाहा. जमीन दुखले तरी बोलत नाही. गवताची निगा राखणे हे मोठे काम आहे, असे मी अजूनही मानतो.

कार्पेट हिरवे होते.