गोठ्यातलं विमान

लग्न ठरवताना मध्यस्थानं सांगितलं होतं, मुलगा निर्व्यसनी आहे, सुपारीसुद्धा खात नाही. ते खरंच निघालं. माझा नवरा प्रफुल सुपारी खात नाही. तो विमानं करतो. मध्यस्थ आता या जगात नाहीत, नाहीतर मी त्यांना एकदा घरी चहाला बोलावलं असतं.

सिंदी रेल्वेच्या बाजारात आमचं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, बारसं, दहावीचा निकाल, श्रद्धांजली, सगळे बोर्ड आम्हीच छापतो. त्यातून उरलेले फोमचे तुकडे, व्हिनाईलच्या पट्ट्या खरं तर भंगारात जायला हव्यात. आमच्याकडे त्या घरी येतात. आधी साधी विमानं व्हायची. फेकली की उडायची आणि बाभळीत अडकून बसायची. मग प्रफुलनं मोबाईलवर एका जुन्या अमेरिकन विमानाचा व्हिडिओ पाहिला आणि मला सवत आली.

ते विमान पन्नासच्या दशकातलं, प्रयोग म्हणून केलेलं. ते शेपटीवर उभं राहायचं, नाक आभाळाकडे. त्याला धावपट्टी नको. जागच्या जागी सरळ वर जायचं, वर गेल्यावर आडवं होऊन चारचौघांसारखं उडायचं, मग पुन्हा उभं होऊन शेपटीवर उतरायचं. चढणं जमायचं, पण उतरताना पायलटला मान मागे वळवून खाली जमीन शोधावी लागायची. एवढा त्रास कोण काढणार म्हणून शेवटी तिकडच्या लोकांनी तो नाद सोडला आणि आमच्या ह्यांनी धरला.

"तेह्यले जमलं नाई, अन् तुम्हाले जमन काय?" मी विचारलं.

"तेह्यचा पायलट विमानात बसला होता, रुचिका. मी जमिनीवर उभा राहीन. मले मागं पाहाचं काय काम?" तो म्हणाला. त्याचं बरोबर होतं, याचा मला आजही राग आहे.

हे सगळं दुकानाच्या मागच्या खोलीत चालत राहिलं असतं तर कुणाचंच काही बिघडलं नसतं. पण या वर्षी आमचा गोठा रिकामा झाला. माझे सासरे महादेवराव, त्यांना मी मामाजी म्हणते, त्यांचे गुडघे गेले आणि शेतात ट्रॅक्टर आला. कवड्या आणि बांड्या ही त्यांची बैलजोडी केळझरच्या मावसभावाकडे गेली. पोळ्याच्या रांगेत मामाजींची जोडी आली की लोक बाजूला सरून वाट द्यायचे, असा त्या जोडीचा मान. मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात. इथं तर बैल केळझरला खाऊनपिऊन मजेत होते, तरी मामाजी रोज जेवताना त्यांचे गुण सांगायचे. बांड्या किती आळशी होता हे मी पाहिलंय, पण मी भाकरी वाढत राहायची.

आणि त्या रिकाम्या गोठ्यात, आठवडा उलटायच्या आत, प्रफुलनं टेबल मांडलं. वारा लागत नाही, उंची भरपूर, म्हणाला. मामाजी दारातून पाहून गेले. त्यांनी त्या रात्री जेवण अर्धं टाकलं.

विमान वाढत गेलं. खऱ्याच्या साधारण आठव्या हिश्श्याचं, उभं केलं की माझ्या कमरेच्या वर. अंगावर हळदी रंगाचं व्हिनाईल, कारण मंगल कार्यालयाच्या बोर्डातून तेच उरलं होतं. पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा ते जागेवरच भोवऱ्यासारखं फिरलं आणि कडब्यात घुसलं. मग नाकावर एकाऐवजी दोन पंखे आले, एकमेकांच्या उलट फिरणारे. मग विमान फिरायचं थांबलं, पण कलायला लागलं. बॅटरी शेपटीकडून नाकाकडे गेली. शेपटीचे पंख रुंद झाले. नवीन कागदी नमुने कापून व्हायचे, माझी कात्री बोथट व्हायची. दुकानातली गिऱ्हाइकं बोर्ड कधी मिळेल विचारायची आणि मी खोटं बोलायची. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तशी माझी गत.

मोठे पंख मात्र त्यानं सुटे ठेवले, गाडीत नेता यावेत म्हणून. उडवायच्या आधी धडाला टेकवायचे आणि वरून रुंद चिकटपट्टी दाबून बसवायची. पट्टी इतकी घट्ट धरायची की सोडवताना व्हिनाईलचे टवके निघायचे.

पोळा जवळ आला तशी मामाजींची चिडचिड वाढली. एका संध्याकाळी ते गोठ्याच्या दारात उभे राहिले.

"हे खेळणं अजून किती दिवस राह्यते इथं?"

"खेळणं नाई ते, बाबा. मॉडेल आहे."

"उडते काय?"

"उडन."

"मंग असं कर. पोळ्याच्या सकाळी उडव. वर जाऊन, आपल्या शेपटीवर परत उभं राह्यलं, तं राहू दे गोठ्यात. नाई राह्यलं, तं त्याच दिवशी तुह्या हातानं उचलाचं. अन् मंग हे उद्योग ह्या घरात पुन्हा नाई पाह्यजे मले."

प्रफुल म्हणाला, "बरं." एवढंच. मी त्याला ओळखते. चिडला की तो भांडतो, आणि खरंच लागलं की बरं म्हणतो. त्या दिवसापासून तो दुकानात कमी आणि गोठ्यात जास्त दिसू लागला, आणि मी, जी दोन वर्षं त्या विमानाला शिव्या देत होते, ती देवापुढे दिवा लावताना त्याच्यासाठी हात जोडायला लागले. माणसाचं काही सांगता येत नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू ओढून खांदा दुखतो, म्हणून लोणी-हळद लावायची, पळसाच्या पानानं चोळायची आणि बैलाला म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मामाजींनी हे कधी चुकवलं नाही, अंगात ताप असतानासुद्धा. या वर्षी मी मुद्दाम विषय काढला नाही. दुपारी तेच स्वयंपाकघरात आले, वाटीत लोणी मागितलं, स्वतःच हळद कालवली.

"कोनासाठी, मामाजी?" मी विचारलं.

"वाटी दे," ते म्हणाले.

थोड्या वेळानं ते गोठ्यातून बाहेर येताना दिसले. वाटी रिकामी होती. बिचारे खुंट्याला किंवा गव्हाणीला लावून आले असतील, असं मला वाटलं. प्रफुल तेव्हा दुकानात होता. मी त्याला काही सांगितलं नाही. उद्याच्या काळजीनं तो आधीच अर्धा झाला होता.

पोळ्याच्या सकाळी घरामागच्या पडीक जागेवर माणसं जमली. बैल धुवायचे सोडून लोक आले, यावरून आमच्या घराची किती चर्चा होती ते समजा. सगळ्यात पुढे शेजारचा मुकेश. याच्या तोंडाला कुलूप कुणी बनवलेलं नाही.

"प्रफुलभाऊ, तान्ह्या पोळ्यात ओढा याले, लाकडी बैलावानी चाकं लावून. पोट्ट्यायले मजा येईन," तो ओरडला.

प्रफुलनं लक्ष दिलं नाही. घाईघाईनं पंख टेकवले, पट्ट्या दाबल्या, बॅटरी जोडली. मामाजी कडुलिंबाखाली उभे होते, धुतलेल्या धोतरात, हात मागे बांधून. आले होते, एवढंच मला पुरेसं होतं.

पंखे फिरले. धूळ उडाली, मुकेशची टोपी उडाली. आणि ते हळदी विमान, देवाशपथ सांगते, सरळ वर गेलं. ना कललं, ना फिरलं. कडुलिंबाच्या शेंड्याच्या वर गेलं आणि तिथं थांबलं. माणसं आ वासून पाहत राहिली. मी मामाजींकडे पाहिलं. त्यांचे हात मागून पुढे आले होते.

मग प्रफुलनं ते आडवं करायला घेतलं. नाक खाली झुकलं, पंखांवर वारा बसला आणि उजवा पंख निघाला. अलगद, पिकलेलं पान गळावं तसा. बाकीचं विमान गिरक्या खात आलं आणि कपाशीच्या वाळक्या पऱ्हाटीच्या ढिगात पडलं.

काही लोक हसले. काही हळहळले. प्रफुल गेला, तुकडे गोळा करून आणले आणि मामाजींसमोर उभा राहिला.

"हारलो, बाबा. माह्याच कामात कसर राह्यली. गोठा आजच रिकामा करून देतो."

त्याचा आवाज साधा होता. तो पुन्हा कधी काही बनवणार नाही, हे मला त्या आवाजावरून कळलं. मी त्याच्या हातातून धड घेतलं. पंखाच्या जागेवरची चिकटपट्टी एक टवकाही न काढता सुटली होती. मी तिथं बोट फिरवलं. बोट गुळगुळीत झालं. नाकाशी नेलं, तर लोणी, हळदी व्हिनाईलवर कुणाला न दिसलेलं.

आणि मला वाटी आठवली.

बोलले तर सणासुदीच्या दिवशी, अख्ख्या गावासमोर, सासऱ्याची मान खाली जाईल. नाही बोलले तर नवरा स्वतःला नालायक समजत उरलेलं आयुष्य श्रद्धांजलीचे बोर्ड छापत बसेल. मी मामाजींकडे पाहिलं. ते माझ्या बोटाकडे पाहत होते.

"त्याच्या कामात कसर नाई," मामाजी मोठ्यानं म्हणाले. "लोनी म्या लावलं."

"कायले?" मुकेशनं विचारलं.

"विमानाले. काल. खांदे शेकले म्या त्याचे."

मग जो हशा पिकला तो विचारू नका. मुकेश तर खालीच बसला. "महादेवकाका, विमानाले लोनी! आता शेपटीले गोंडा बी बांधा!" मामाजींचा सिंदीत दरारा आहे. त्यांच्या तोंडावर कुणी असं हसलेलं मी पाहिलं नव्हतं. ते हलले नाहीत. हसू संपेपर्यंत उभे राहिले.

"पन काऊन लावलं, बाबा?" प्रफुलनं विचारलं. रागानं नाही, त्याला खरंच कळत नव्हतं.

"काऊन म्हंजे?" मामाजी त्याच्यावरच खेकसले. "गोठ्यात उभं होतं ना ते? आदल्या दिवशी आपल्या गोठ्यात जो उभा राह्यते, त्याचे खांदे शेका लागते. तसाच कोरडा ठेवू काय त्याले?"

कुणी हसलं नाही. मुकेशसुद्धा टोपी झटकत उठला. मला रडू आलं, आणि मी ते पदरात लपवलंही नाही. प्रफुल वेड्यासारखा बापाकडे पाहत होता. शेवटी जे सुचलं ते त्याच्यासारखंच होतं.

"चिकटपट्टीचं चुकलंच जरा," तो म्हणाला. "लोनी काय, उद्या धूळ बी लागन. आता अल्युमिनियमची पट्टी टाकतो अन् बोल्ट कसतो. मंग काई निघत नाई."

मामाजींनी त्याच्या हातातून उजवा पंख घेतला. धडाला लावून पाहिला, काढला, परत लावला. मग पंख आणि धड जिथं मिळतात तिथं चार बोटं आडवी ठेवली.

"पट्टी इथून मागं टाकजो," ते म्हणाले. "एवढी जागा मोकळी सोड. पुढच्या पोळ्याले मले हात फिरवाले पाह्यजे."