एकशे चारची स्प्रिंग

करंजाड्याच्या जागृतीला कोणी वजन विचारलं, की ती पंच्याऐंशी सांगायची. खरा आकडा होता एकशे चार. मधले एकोणीस किलो ती कुठे लपवायची ते तिचं तिलाच ठाऊक, कारण बाई लपण्यातली नव्हतीच. शाळेत असताना गोळाफेकीत जिल्ह्यापर्यंत गेलेली, दंड अजून तसेच. पण आकडा ओठांवर आला की तिची हिंमत कुठे जायची कोण जाणे. म्हणूनच कामोठ्यात निखिलच्या दुकानातून डोंगरावर चालवायची सायकल घेताना, रविवारच्या सायकल ग्रुपची चार टाळकी मागे उभी असताना, तिने बेधडक पंच्याऐंशी सांगून टाकलं. निखिलनेही त्याच हिशेबाने फोर्कमध्ये, म्हणजे पुढचं चाक धरून धक्के झेलणाऱ्या दांड्यांमध्ये, हवा भरून दिली.

पहिल्याच उतरणीला फोर्कने तिला घाम फोडला. दगड आला की तो तळाला जाऊन खट्ट आपटायचा आणि कळ मनगटातून खांद्यापर्यंत जायची. सगळे खाली पोचून तिची वाट बघत बसायचे. ऋषी नावाचा सडपातळ पोरगा, मनाने वाईट नव्हता, पण म्हणाला की ताई, तुम्ही रस्त्यावरच चालवा, डोंगर प्रत्येकालाच झेपतो असं नाही. जागृती हसली, पण ते तिच्या जिव्हारी लागलं. उतरणीवर कानात वारा भरला की तिला पुन्हा गोळा हातात घेतल्यासारखं वाटायचं आणि ते तिला सोडायचं नव्हतं. फोर्क सुधारला तर ठीक, नाहीतर सायकल परत करायची आणि डोंगराचं नाव काढायचं नाही, असं ठरवून ती शनिवारी पुन्हा दुकानात गेली.

बरोबर सासूबाई होत्या. पुतळाबाईंना बाजारातून सुकट घ्यायची होती, ती घेऊन त्या दुकानातल्या स्टुलावर पिशवी मांडीवर धरून बसल्या. ऋषीही तिथेच होता, चेनला तेल घालून घेत.

निखिल चक्रावला होता. पंच्याऐंशी किलोच्या माणसाला एवढी हवा पुरायलाच हवी, तो म्हणाला. मग त्याने दुसरा मार्ग सांगितला. हवेवाला फोर्क काढून स्प्रिंगवाला बसवायचा. सायकल थोडी जड होईल, पण बारीकसारीक दगड तो अलगद पचवतो आणि लांब उतरणीवरही सारखा चालतो. फक्त एक गोष्ट होती. हवा मागाहून कमीजास्त करता येते, स्प्रिंग मात्र माणसाच्या वजनाप्रमाणेच मागवावी लागते.

"म्हणून विचारतो ताई, पंच्याऐंशी नक्की ना?"

जागृतीने मागे वळून पाहिलं. तेलाचा डबा हातात धरून ऋषी ऐकत होता.

"कोन पंच्याऐंशी?" स्टुलावरून पुतळाबाई म्हणाल्या. "माजी सून एकशे चार किलो हाय. गुलाच्या ढेपी मी सोता ठेवल्या पारड्यात."

जागृतीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. ती गोष्ट तिला विसरायची होती. दोन वर्षांपूर्वी काविळीने तिचं पार चिपाड झालं होतं. नात्यातल्या बायका येऊन छान बारीक झालीस म्हणायच्या आणि पुतळाबाई आत जाऊन पदराने डोळे पुसायच्या. त्यांनी गावदेवीला नवस बोलला, की माझी सून पुन्हा भरू दे, मी तिची गूळतुला करीन, तिच्या वजनाएवढा गूळ तुझ्यापुढे ठेवीन. सून भरली. देवळापुढे मोठा तराजू लागला, एका पारड्यात जागृती, दुसऱ्यात ढेपांवर ढेपा. तिला वाटलं होतं, सगळं गाव हसतंय. तिने मान वर केलीच नव्हती.

"मान खाली घालून बसलेली ही," पुतळाबाई निखिलला सांगत होत्या. "मी ढेप ठेवावी आनि पारडं हलू नये. एकेक किलो मी देवीकडून मागून आनलाय. त्यातला एक पन कमी सांगायचा नाय."

बोलताना त्यांचा चेहरा उजळला होता. जागृतीने त्यांच्याकडे पाहिलं. त्या दिवशी तिने मान वर केली असती, तर तिला हाच चेहरा दिसला असता.

निखिलने हळूच सुचवलं की आहे त्याच फोर्कमध्ये हवा वाढवूनही भागेल.

"नको," जागृती म्हणाली. "स्प्रिंगच मागव. एकशे चारची."

स्प्रिंग आली, बसली. पुढच्या रविवारी जागृती दगडांवरून सुसाट खाली उतरली आणि पहिल्यांदाच वाट बघायची पाळी तिच्यावर आली. धापा टाकत ऋषी पोचला. त्याला मोठं नवल. जरा मला द्या, म्हणत तो तिच्या सायकलवर बसला आणि त्याने हँडलवर सगळा भार टाकून दोनदा रेटून पाहिलं. फोर्क जेमतेम हलला.

"ताई, हा तर दबतच नाही."

"तुला नाही दबणार," जागृती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "त्याला एकशे चार किलो लागतात."